ॲव्होकाडोचे ‘डेव्हिल्ड एग’: एका भरल्या अंड्याची पार्श्वभूमी

आठवडी बाजाराच्या गावात दिवस मावळतीला लागला की उकडलेल्या अंड्यांची गाडी उभी राहते. गाडीवाला अंडे सोलतो, दोऱ्याने मधोमध कापतो, त्यावर मीठ आणि तिखट भुरभुरवतो, बारीक चिरलेला कांदा व सांबार पसरतो (विदर्भाबाहेरच्या वाचकांनी सांबार म्हणजे कोथिंबीर समजावे) आणि लिंबाची फोड पिळून कागदाच्या तुकड्यावर हातात देतो. मोबाइलवर पाहून घरी करून बघितले जाणारे ‘ॲव्होकाडो डेव्हिल्ड एग्ज’ या गाडीवरच्या अंड्यापासून फार दूरचे नाहीत. पिवळा बलक बाहेर काढायचा, ॲव्होकाडोच्या गराबरोबर कुस्करायचा, त्यात तिखट, मीठ, लिंबू घालायचे आणि पांढऱ्याच्या वाटीत तो परत भरायचा, एवढाच काय तो फरक. या फरकामागे मात्र जवळजवळ दोन हजार वर्षांची वाट आहे, आणि त्या वाटेवर अंडे तेच राहून बदलत गेल्या त्या दोन गोष्टी: बलकाला मऊ करणारा स्निग्ध पदार्थ आणि त्याला झणका देणारा तिखट पदार्थ.

प्राचीन रोममध्ये जेवणाची सुरुवात अंड्याने आणि शेवट फळाने होत असे. ‘अंड्यापासून सफरचंदापर्यंत’ हा लॅटिन वाक्प्रचार त्यातूनच आला असून होरेस या कवीच्या लेखनात तो आढळतो. आपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहात मऊ उकडलेल्या अंड्यांवर घालायची एक चटणी दिली आहे. तिच्यात मिरे, ओव्याच्या कुळातला लव्हेज नावाचा पाला, चिलगोज्यासारख्या भिजवलेल्या बिया, मध, शिरका आणि माशांचे आंबवलेले पाणी आहे. तिखटपणा मिऱ्यांचाच, कारण मिरची तेव्हा युरोपातही नव्हती आणि आशियातही नव्हती. ते मिरे मलबारच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरातून जहाजांनी जात असत. विलायती म्हणून ज्या पदार्थाकडे आपण संशयाने पाहतो, त्याच्या पहिल्या चटणीत केरळचा माल होता, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. रोमन अंडे मात्र वरून चटणी घातलेले होते, भरलेले नव्हते.

बलक काढून, मसाल्यात मळून, परत भरण्याची रीत स्पष्टपणे दिसते ती १३ व्या शतकातल्या अंदालुसियात, म्हणजे आजच्या स्पेनच्या ज्या भागात तेव्हा मुस्लिम राजवट आणि अरबी भाषा होती तिथे. तिथल्या एका निनावी पाकसंग्रहात सांगितले आहे की अंडी उकडून थंड पाण्यात टाकावी, दोऱ्याने दोन भाग करावे, बलक वेगळा काढून त्यात हिरवी कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरे, धने, तेल, मीठ आणि ‘मुर्री’ नावाचा जवापासून आंबवलेला रस मळावा, ते सारण पांढऱ्यात भरून दोन्ही अर्ध बारीक काडीने एकत्र अडकवावे आणि वरून मिरपूड टाकावी. दोरा, कांदा, कोथिंबीर: बाजारातल्या गाडीवाल्याला ही कृती वाचून दाखवली, तर त्याला तिच्यात फारसे नवल वाटणार नाही. १५ व्या शतकापर्यंत भरली अंडी युरोपात इतरत्रही केली जाऊ लागली होती. त्यांत चीज, मनुका, पुदिना असे काहीबाही घालून ती तेलात तळत.

‘डेव्हिल’ हा शब्द यानंतर बऱ्याच उशिरा आला. इंग्लंडमध्ये राई, मिरे किंवा लाल मिरची लावून जाळ केलेल्या पदार्थाला हे नाव दिल्याचे १७८६ पासून छापील स्वरूपात आढळते. नरकाच्या आगीचा मालक सैतान, म्हणून जिभेला आग लावणारा पदार्थ त्याच्या नावावर. पुढे अमेरिकेत चर्चच्या पंगतीला सैतानाचे नाव कशाला, म्हणून याच अंड्यांना ‘भरली अंडी’ किंवा ‘सजवलेली अंडी’ अशा अर्थाची सोवळी नावे मिळाली. मराठीत ही अडचण नाही. वऱ्हाडात मिरचीपुडीलाच तिखट म्हणतात, तेव्हा डेव्हिल्ड एगला ‘तिखट अंडे’ म्हटले की काम भागते. इंग्रजांबरोबर हा शब्द भारतातही आला आणि कोलकात्यात स्थिरावला. तिथला ‘डिमेर डेव्हिल’ म्हणजे उकडलेल्या अंड्यावर मसालेदार खिम्याचे किंवा बटाट्याचे आवरण चढवून, चुरा लावून तळलेला गोळा. महाराष्ट्रात तो रुजला नाही. नागपुरी सावजी स्वयंपाकात अंड्याला जागा मिळाली ती झणझणीत रश्श्यात, सारण भरायच्या वाटीत नाही.

बलकाला मऊ करण्यासाठी मेयोनेज वापरावे, ही सूचना अमेरिकी पाकशिक्षिका फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाकसंग्रहात आढळते. १९१२ मध्ये न्यू यॉर्कच्या रिचर्ड हेलमन यांनी मेयोनेज बरणीत भरून विकायला सुरुवात केली. घरी तेलाची धार धरून घोटत बसण्याचा खटाटोप वाचला आणि २० व्या शतकात मेयोनेज, मोहरी आणि वरून लाल पॅप्रिका हे अमेरिकी सहलींचे व ईस्टरच्या टेबलावरचे ठरलेले अंडे झाले. अंड्यांचे अर्धे भाग घरंगळू नयेत म्हणून खळगे पाडलेल्या खास ताटल्याही निघाल्या.

विदर्भात हे मेयोनेज जसेच्या तसे आणण्यात एक खरी अडचण आहे. अस्सल मेयोनेज म्हणजे कच्चा बलक आणि तेल, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणू पोटात जाण्याची भीती असते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वीज तासन्‌तास जाते, तिथे असे मिश्रण घरात ठेवणे शहाणपणाचे नाही. गडचिरोली व चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली ती याच भीतीपोटी. तालुक्याच्या दुकानात पाकिटातून मिळते ते बहुधा ‘एगलेस’ मेयोनेज असते. अंड्यातून बलक काढायचा आणि तो बांधण्यासाठी बिनअंड्याचे मेयोनेज विकत आणायचे, यातली गंमत पाकीट फोडताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मेयोनेजच्या जागी ॲव्होकाडो घालण्याचे समर्थन परदेशात आरोग्याच्या भाषेत केले जाते. आमच्या हवेत मला त्याचे समर्थन कच्चे अंडे टळते एवढ्याचसाठी अधिक पटते.

ॲव्होकाडो हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे झाड. आपले तेजपान, दालचिनी आणि कापूर ज्या कुळातले, त्याच कुळातले ते आहे. मेक्सिकोतील पुएब्ला राज्यात कोश्कातलान गुहेत या फळाचे सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. तिथल्या नावात्ल भाषेत फळाला ‘आवाकात्ल’ आणि वाटलेल्या चटणीला ‘मोली’ म्हणत. त्या दोहोंच्या जोडीतून पुढे ‘ग्वाकामोले’ हा शब्द झाला, म्हणजे ॲव्होकाडो वाटून त्याची चटणी करणे हा त्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात उपयोगांपैकी एक आहे. युरोपीय भाषेतले त्याचे पहिले वर्णन १५१९ मध्ये मार्तिन फर्नांदेस दे एन्सिसो या स्पॅनिश भूगोलकाराने छापले. स्पॅनिश जिभेवर आवाकात्लचे ‘आग्वाकाते’ झाले आणि त्याच्याशी जुळणाऱ्या, वकील या अर्थाच्या शब्दाशी गल्लत होऊन ‘ॲव्होकाडो’. १६९६ मध्ये हॅन्स स्लोन या निसर्ग अभ्यासकाने जमैकाच्या वनस्पतींच्या यादीत हे नाव इंग्रजीत आणले.

याच भूमीतून मिरचीही निघाली होती. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ती गोव्यात उतरवली आणि तिने देश असा काबीज केला की आज भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि मिरची परकी आहे असे सांगितले तर गावातले कोणी विश्वास ठेवत नाही. ॲव्होकाडोचे तसे झाले नाही. ते भारतात आले २० व्या शतकाच्या सुरुवातीला, श्रीलंकेमार्गे, आणि निलगिरी, कोडाईकनालचा उतार, वायनाड, कूर्ग व सिक्कीम अशा दमट, डोंगराळ भागांतच राहिले. दक्षिणेत त्याला ‘बटर फ्रूट’ हे नाव मिळाले आणि साखर घालून दुधात घुसळून पिण्यापुरता त्याचा उपयोग झाला. तिखट-मिठाशी त्याची गाठ भारतात फार उशिरा पडली.

विदर्भात हे झाड का नाही, याचे उत्तर संत्र्याच्या बागाईतदाराला सहज समजेल. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या खोडातून डिंक येऊन झाड वाळते त्या डिंक्या रोगामागे फायटोफ्थोरा ही बुरशीसारखी जात असते. तिच्याच एका भावंडाने ॲव्होकाडोची मुळे कुजतात आणि जगभर या पिकाचे सर्वांत मोठे नुकसान होते. ॲव्होकाडोची मुळे उथळ, त्यांना साचलेले पाणी थोडा काळही सोसत नाही. पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी कापसाची काळी जमीन आणि उन्हाळ्यात पाने करपवणारी झळ, या दोन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध आहेत. परसात कोय लावून रोप वर आल्याचे कौतुक अनेकांनी केले असेल; त्या रोपाने एक मे महिना आणि एक ऑगस्ट महिना काढला तर कौतुक खरे.

म्हणून इथे फळ येते ते बाहेरून, आणि कोणते येते यावर सारण कसे होईल हे ठरते. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास नावाच्या एका पोस्टमनने १९२६ मध्ये बियांपासून झाडे लावली. त्यांतल्या एका रोपावर कलम बसेना, म्हणून ते तसेच वाढू दिले आणि त्याची फळे इतकी चांगली निघाली की १९३५ मध्ये त्याने त्या वाणाचे पेटंट घेतले. जाड, खडबडीत, पिकल्यावर काळपट पडणाऱ्या सालीचा ‘हास’ हा वाण आज जगाच्या व्यापारात सर्वत्र आहे आणि टांझानियासारख्या देशांतून तो भारतातही येतो. अमेरिकेने किडीच्या भीतीने १९१४ पासून मेक्सिकोच्या ॲव्होकाडोला बंद केलेले दार १९९७ मध्ये किलकिले केले. त्यानंतर तिथे फळ बारमाही आणि मुबलक झाले, आणि पावावर, कोशिंबिरीत जिथे तिथे घातले जाऊ लागलेले ॲव्होकाडो अंड्याच्या वाटीतही मेयोनेजच्या जागी जाऊन बसले. हासच्या गरात साधारण १५ टक्के किंवा त्याहून अधिक तेल असते, त्यामुळे तो मेयोनेजचे काम खरोखर करतो. दक्षिणेकडचे मोठे, गुळगुळीत हिरव्या सालीचे फळ पुष्कळदा कमी तेलाचे आणि पाणचट असते. त्याचे सारण सैल होते, तेव्हा बलक जास्त आणि फळ कमी घ्यावे.

हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकते. ज्यांच्या घरी आंब्याची अढी घातली जाते त्यांना वेगळे सांगायला नको. तांदळाच्या डब्यात एखाद्या केळ्याबरोबर ठेवले की तीन-चार दिवसांत देठाजवळ दाबून पाहता येते. गर उघडा पडला की काळा पडतो, कारण त्यातले विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात कामाला लागते. लिंबाचे आम्ल त्याला रोखते. गाडीवाला चवीसाठी पिळतो ते लिंबू इथे रंगही राखते.

अंड्यांच्या बाबतीत खेड्याची एक अडचण शहराला कळणार नाही. खुराड्यातून सकाळी काढलेले गावरान अंडे उकडले की कवचाबरोबर पांढरेही ओरबाडून निघते. अंडे जुने होत जाते तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढरे अधिक अल्कधर्मी होते आणि आतला पापुद्रा सुटतो. म्हणून भरण्यासाठी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेले अंडे बरे. गावरान अंडे साधारण ४० ग्रॅमचे, पोल्ट्रीचे ५५ च्या आसपास, त्यामुळे गावरानाची वाटीही लहान होते. चवीला ते सरस आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण या पदार्थासाठी मी पोल्ट्रीचेच घेईन. जर्मनच्या गंजात (म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात) पाणी उकळल्यावर १० ते १२ मिनिटे उकडून अंडी लगेच माठाच्या पाण्यात टाकावी. जास्त उकडले तर बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक मिळून बलकाभोवती हिरवट-करडे कडे तयार होते. ॲव्होकाडोच्या सारणात ते लपून जाते, ही नवशिक्यांसाठी सोय आहे. सहा अंड्यांना एक मध्यम हास पुरतो. सारण भरायला नळीची गरज नाही. दुधाची धुतलेली पिशवी मेंदीच्या कोनासारखी कोपऱ्यात कापली की झाले. वरून पॅप्रिका मागितलेली असते, ती गोडसर, मवाळ मिरची. भिवापुरी तिखट घ्यायचे तर चिमूट निम्मी करावी.

हे सगळे कुठल्या चुलीवर, हा प्रश्न उरतो. महानुभाव किंवा माळकरी घरांत अंडे मुळातच येत नाही, आणि इतर पुष्कळ घरांत ते येते पण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या गंजात. अलीकडच्या काळात अंडे घराघरांत ओळखीचे झाले ते बऱ्याच अंशी औषध म्हणून आणि पोषण म्हणून: १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या रोज अंडे खाण्याच्या जाहिरातींनी, आणि मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मुलांना मिळणाऱ्या उकडलेल्या अंड्याने.

कूर्गकडचे ॲव्होकाडो पावसाळ्यात बाजारात येते आणि तेव्हाच ते जरा परवडते. नेमका तेव्हा श्रावण असतो आणि खाणाऱ्या घरांतही अंडे बंद असते. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी करीला चूल पुन्हा पेटते, पण त्या दिवशी मटण आणि अंड्याचा रस्साच हवा असतो. भरल्या अंड्याची पाळी त्यानंतर येते, तोवर फ्रिजमधले फळ नरम पडून गेले नसेल तर.