ट्रकचालकांचे आहार-मानसशास्त्र (कोकण किनारा)

लांब पल्ल्याच्या मालवाहू गाड्यांवरचे चालक काय, केव्हा आणि किती खातात, आणि हिताचे काय ते ठाऊक असूनही तसे का खात नाहीत, याचा विचार या विषयात येतो. कोकणात तो मुख्यतः पनवेलहून पेण, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, सावंतवाडी असा गोव्याकडे उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ (जुना १७) वरच्या चालकांना लागू होतो.

तेलकट कमी खावे, वेळेवर जेवावे, पाणी भरपूर प्यावे, हे कोणत्याही ड्रायव्हरला विचारले तर तो न अडखळता सांगतो. तेव्हा अडचण अज्ञानाची नाही. जेवण कुठे होणार हे गाडी कुठे उभी राहील त्यावर ठरते. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि माशाची आमटी मिळणारी घरगुती खानावळ बहुधा बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावर असते. तिथे दहा चाकी गाडी वळणारही नाही. ढाब्यापुढे मोठे मोकळे आवार असते. ड्रायव्हर निवडतो ते आवार. लाल तर्रीची भाजी आणि तेल सुटलेली डाळ त्यासोबत पदरात पडते. जांभ्याची माती पावसात चिकट होते आणि कच्च्या बाजूपट्टीवर भरलेली गाडी रुतते, त्यामुळे जून ते सप्टेंबरात ही निवड आणखीच आकसते.

दुसरी गाठ झोपेची. ‘भात खाल्ला की डोळे मिटतात’ हा समज या धंद्यात पक्का आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. भरपेट जेवणानंतर सुस्ती येते हे खरे. मात्र दुपारी दोन ते चारच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचे घड्याळच मंदावते, पोट रिकामे असले तरी. दोष मात्र सगळा भाताच्या माथी जातो. मग या महामार्गावरचा कशेडी किंवा परशुराम घाट पुढे असला की माणूस दोन वडापाव आणि कटिंगवर भागवतो, ‘घाट उतरल्यावर जेवू’ म्हणतो, आणि माल उतरून गाडी रिकामी झाल्यावर रात्री अकराला दिवसभराचे एकदम खातो. दिवसा स्वतःला आवरून धरले की संध्याकाळी बांध फुटतो, हा अनुभव आहारनियंत्रण करणाऱ्या कोणालाही नवा नाही. त्यात अपुऱ्या झोपेची भर पडते: प्रयोगशाळेतल्या काही अभ्यासांत कमी झोपलेल्यांमध्ये भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेले आणि तृप्ती सांगणारे लेप्टिन घटलेले आढळले आहे. गोड, तळलेले खावेसे वाटणे हा निव्वळ जिभेचा चोचला नव्हे.

भत्त्याचे गणित वेगळेच. बऱ्याच ठिकाणी शेठ खेपेचा खर्च उक्ता देतो. त्यातून वाचले ते ड्रायव्हरचे. पैसा एकच असला तरी माणूस मनात त्याचे वेगवेगळे गल्ले करतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर (नोबेल २०१७) यांनी याला मानसिक हिशेब म्हटले. जेवणाच्या गल्ल्यातून वाचवलेले शंभर रुपये घरी पाठवण्याच्या गल्ल्यात पडतात आणि काही कमावल्यासारखे वाटते. पुढे होणाऱ्या मधुमेहाचा खर्च कोणत्याच गल्ल्यात नोंदलेला नसतो.

पाण्याबद्दल फार कमी बोलले जाते. दमट हवेत घाम धारेने जातो, तरीही वारंवार उतरावे लागू नये म्हणून ड्रायव्हर मोजकेच पाणी पितात. मूतखड्याची एक वाट इथून जाते. तंबाखू-चुन्याने भूक मरते आणि जाग राहते, म्हणून ती चिमूट एका अर्थी जेवणाच्या जागी बसते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खरी गरज जाग्रणाची असल्याने हात दुसऱ्या पुडीकडे वळतो.

सर्वांत वाईट खाणे मासळीच्या गाडीवरच्या माणसाचे, असे म्हणायला हरकत नाही. मागे बर्फात टनावारी बांगडा, पुढे केबिनमध्ये थंड झालेला वडापाव. बर्फ वितळत असतो, त्यामुळे थांबण्याचा प्रत्येक मिनिट मालाच्या भावातून वजा होतो. एप्रिल-मे मध्ये हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पहाटे पोचवणाऱ्यांची गतही अशीच. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ (२०२५ पर्यंत लागू) मध्ये दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी तरतूद होती. खेपेच्या हिशेबाने चालणाऱ्या गाडीवर ती क्वचितच दिसली.

उपदेशाचे फलक लावून फारसे साधत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेला ‘जर-तर’चा बेत, म्हणजे अमुक झाले की तमुक करायचे हे आधीच ठरवून ठेवणे, इथे अधिक जुळतो, कारण ड्रायव्हरचा दिवस तासांनी नव्हे, ठिकाणांनी मोजला जातो: डिझेल भरले की अर्धी बाटली पाणी; ताडपत्री सोडली की आधी केळे, मग चहा. मालवणी ड्रायव्हर घरून निघताना डब्यात पेज, मीठ आणि लोणच्याची फोड घेतो, तेही असेच आधी ठरवलेले जेवण. जुन्या गाड्यांत इंजिनाचा उंचवटा केबिनमध्येच असे. त्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला डबा कणकवलीपर्यंत कोमट राही. कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेत (भरलेले ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेण्याची सोय, १९९९ पासून) कोलाड स्थानकात गाडी वॅगनवर चढली की वाटेत ढाबा नाही. शिधा आधीच घ्यावा लागतो, आणि हातात स्टिअरिंग नसल्याने भाताची भीतीही उरत नाही.

गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या गर्दीमुळे या महामार्गावर अवजड वाहनांना काही दिवस बंदी असते. अडकलेल्या गाड्या रांगेने उभ्या राहतात. मग टूलबॉक्सशेजारचा स्टोव्ह बाहेर निघतो, क्लीनर कांदा चिरतो, कुणी जवळच्या गावातून ओले बोंबील आणतो, आणि दोन-तीन गाड्यांची माणसे चाकांच्या सावलीत पाय पसरून, पुन्हा पुन्हा भात मागून घेत जेवतात.