उकियो-ए चित्रांच्या हस्तचित्रित प्रतिकृती

लाकडी ठशांवरून छापलेल्या अभिजात जपानी चित्रांच्या, म्हणजे उकियो-ए चित्रांच्या, हाताने रंगवलेल्या नकला. त्या बहुधा घराच्या भिंतीवर लावण्यासाठी करून घेतल्या जातात आणि कागदावर किंवा कॅनव्हासवर जलरंग, ॲक्रिलिक वा तैलरंगांत रंगवतात. कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याची महालाट, उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याची पाऊस-बर्फाची दृश्ये आणि कितागावा उतामारो (मृत्यू १८०६) याच्या स्त्रिया यांच्या नकला नेहमी पाहण्यात येतात.

छापील पोस्टर ही वेगळी वस्तू. टोक्योमधील अदाची संस्था जुन्या चित्रांचे ठसे नव्याने कोरून हाताने छापते, तेही वेगळे. त्याला पुनर्मुद्रण म्हणावे. तिसरा प्रकार ‘निकुहित्सु-गा’ हा. त्यात उकियो-ए चित्रकाराने ठशाच्या वाटेला न जाता मुळातच कुंचल्याने चित्र काढलेले असते. तरीही छापील चित्रांना कुंचला अगदीच परका नाही. सुरुवातीला रेषा तेवढ्या काळ्या शाईत छापून रंग हाताने भरत. अनेक ठसे वापरून पूर्ण रंगीत छपाई (निशिकी-ए) १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून रूढ झाली.

नक्कल करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो ‘मूळ चित्र कोणते?’ हा. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले रेखाटन खळ लावून चेरीच्या लाकडी फळीवर पालथे चिकटवीत आणि कोरक्या रेषा उंच ठेवून त्यांच्या भोवतीचे लाकूड कागदासकट कोरून काढी. म्हणजे ठसा तयार होईतो रेखाटन नष्ट झालेले असे. मागे उरत त्या छापलेल्या प्रती, आणि त्या एकमेकींसारख्या नसत. होकुसाईच्या ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या मालिकेतील (तिची चित्रे प्रत्यक्षात ४६ आहेत) तांबड्या फुजीचेच पाहा. आपल्या ओळखीचा फुजी विटकरी, गडद असतो. काही आरंभीच्या प्रतींत तोच फिकट गुलाबी असून लाकडाचे रेषेदार पोत त्याच्या अंगावर दिसते. शिवाय जुन्या प्रतींतले रंगही उडालेले असतात. त्सुयुकुसा या रानफुलाचा निळा आणि करडईच्या फुलांचा तांबडा हे दोन्ही रंग उजेडात टिकत नाहीत. संग्रहालये ही चित्रे थोडे दिवसच मांडून पुन्हा अंधारात ठेवतात ती यासाठी. नकलाकाराने आज दिसणारा विटलेला रंग घ्यावा की दुकानात पहिल्या दिवशी दिसला असेल तो? दोन्ही वाटा रास्त आहेत, पण एका चित्रात दोन्हींची सरमिसळ केली की चित्र बेसूर होते.

प्रत्यक्ष रंगवण्यात सर्वांत अवघड रेघ. ती कुंचल्याच्या वळणाची असली तरी तिची कड सुरीने कापलेली आहे, त्यामुळे तिच्यात थरथर चालत नाही. ती ओढायला मेन्सो नावाचा लांब, अणकुचीदार केसांचा कुंचला वापरतात. कागद शक्यतो तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला वाशी घेतात. रंग फुटू नये म्हणून त्यावर तुरटी आणि सरस यांचे पाणी (दोसा) आधी फिरवतात. आभाळाचा गडदाकडून फिक्याकडे विरत जाणारा पट्टा (बोकाशी) छपाईत ओल्या ठशावर रंग पुसत नेऊन साधत. हाती रंगवताना रुंद, सपाट कुंचल्याने, कागद ओला आहे तोवर तो एका दमात ओढावा लागतो. मागाहून डागडुजी केली की डाग पडतो. कॅनव्हासवरच्या जाड तैलरंगात हा सपाटपणा हरवतो. तैलरंग वापरलाच तर तो पातळ आणि बिनचकाकीचा हवा.

महालाट हे चित्र (सुमारे १८३१) जवळून पाहिले की नकलेचा कस कुठे लागतो ते कळते. मूळ कागद साधारण २५ × ३८ सेंमी., म्हणजे दोन्ही हातांत धरून पाहण्याजोगा. ताजी मासळी एदोला (आजच्या टोक्योला) पोहोचवणाऱ्या तीन लांब होड्या, त्यांत वाकून बसलेले वल्हेकरी, आणि लाटेच्या पोकळीत दूरवर इवलासा फुजी. फेसाचे तुषार त्याच्यावर पडणाऱ्या हिमासारखे दिसतात. त्या ठिपक्यांची जागा ठरलेली आहे. ते ब्रश झटकून उडवले की फुजी आणि लाट यांचे नाते तुटते. निळ्या छटाही मोजक्याच आहेत. युरोपातून आलेला प्रशियन निळा त्या काळी जपानात नव्याने सुलभ झाला होता. पुष्कळ नकलांत हौसेने पाच-सहा निळ्या छटा मिसळून लाटेला गोलाई देतात. लाट खरी वाटू लागते, पण होकुसाईची उरत नाही.

या प्रकारातील सर्वांत नामांकित नकलाकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग. पॅरिसमध्ये त्याने अशा चित्रांच्या शेकडो प्रती जमवल्या आणि १८८७ मध्ये तीन चित्रांच्या नकला तैलरंगांत केल्या. त्यांतली दोन हिरोशिगेची: कामेइदोची आलुबुखाराची बाग आणि शिन-ओहाशी पुलावरचा अवचित पाऊस. तिसरे केइसाई एइसेनच्या गणिकेचे चित्र त्याने एका फ्रेंच नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरून, चौकोन आखून मोठे केले. हिरोशिगेचा पाऊस म्हणजे फळीवर कोरलेल्या केसासारख्या सरळ रेघा, आणि खालची नदी सपाट. व्हॅन गॉगची नदी मात्र कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी हलते. नक्कल म्हणून ती चुकलेली आहे आणि चित्र म्हणून थोर आहे. आज ही तिन्ही चित्रे ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. चीनमधील शेन्झेनजवळच्या दाफेन गावात १९८९ पासून तैलचित्रांच्या नकलांचा मोठा धंदा उभा राहिला, आणि तिथे व्हॅन गॉगच्या चित्रांच्याच नकला ढिगांनी रंगवल्या गेल्या.

एदोतील सामान्य घरात ही चित्रे काचेच्या चौकटीत नसत. ती स्वस्त असत, हातात घेऊन पाहत, वहीत चिकटवून ठेवत. घराच्या खांबावर टांगायला हाशिरा-ए नावाची अरुंद, उभी चित्रे निघत. आजच्या दिवाणखान्यातील तीन-चार फुटी नकलेत रेघ त्याच प्रमाणात जाड करावी लागते आणि सपाट रंगाची जागा रिकामी वाटू लागते, म्हणून मूळ मापाच्या दुपटीपलीकडे न जाणे बरे.

अक्षरे आणि शिक्के अनेकदा कसेतरी उरकलेले दिसतात. जपानी न येणाऱ्यानेही ती नीट गिरवावीत, कारण तीही चित्राच्या मांडणीचाच भाग आहेत. महालाटेच्या डाव्या कोपऱ्यात चौकटीत मालिकेचे आणि चित्राचे नाव आहे आणि शेजारी सही: ‘पूर्वीचा होकुसाई, आता इइत्सू, याच्या कुंचल्यातून’. ही सही नकलेतही तशीच उतरते. म्हणून नकलाकाराने स्वतःचे नाव, साल आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द चित्राच्या पाठीवर लिहायचा असतो.