जुन्या कागदावरची बुरशी आणि नॅनो-चुना: कागद आमच्याकडे देण्यापूर्वी

मोडी कागद, खरेदीखतं, पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या यांवर आम्ही नॅनो-चुना फवारतो. यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळलेले असतात. फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत आधी भित्तिचित्रांसाठी वापरली, मग कागदासाठी. पाणी नसल्याने कागद फुगत नाही. चुना कागदातलं आम्ल मारतो आणि उरलेल्याचं हवेत कॅल्शियम कार्बोनेट होतं. पुढे तयार होणारं आम्लही ते शोषतं.

ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात बुरशी तगत नाही. कार्बोनेट झाल्यावर मात्र हा जोर ओसरतो. म्हणून एकदा फवारलं की बुरशी कायमची गेली, असं आम्ही कधीच सांगत नाही. बुरशीवर दुसरा उपाय म्हणजे झिंक ऑक्साइड. त्याचा परिणाम जास्त टिकतो, पण उजेडात तेच कागदाच्या तंतूंवर उलटू शकतं. भिंतीवर लावायच्या सनदेला ते आम्ही वापरत नाही.

आधी कागद पूर्ण सुकवतो, कारण ओली बुरशी झटकली तर डाग तंतूंत भिनतो. मग जाळीवरून हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने ती काढतो. प्रत्येक शाईवर, शिक्क्यावर अल्कोहोलचा थेंब देऊन टीपकागद दाबतो. काजळीची शाई हलत नाही. रबरी शिक्के आणि बॉलपेन हमखास पसरतात. लोहयुक्त शाई अल्कधर्मी द्रावणाने तपकिरी पडू शकते, तिथे वेगळा उपाय करावा लागतो. फवारणी लिटरला १ ते २ ग्रॅम चुना इतकी पातळ, मागच्या बाजूने. घट्ट द्रावण किंवा एकाच जागी जास्त फवारा म्हणजे पांढरी भुकटी.

पोथीतली पिवळी खाडाखोड बहुधा हरताळाची असते. त्यात आर्सेनिक असतं, बोट ओलं करून पानं उलटू नका.

कागद परत नेल्यावर आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा. ६५च्या वर बुरशी पुन्हा रुजते. पावसाळ्यात हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) कपाटातच ठेवा, दिवाणखान्यातला आकडा उपयोगाचा नाही. बाहेरच्या भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे घ्या. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. उन्हात वाळवू नका, शाई उडते. दमट कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. पुराच्या पाण्यात भिजलेला गठ्ठा मात्र दोन दिवसांच्या आत, न उलगडता, पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठलेलाच आमच्याकडे आणा.