दुपारी आडवं होणं म्हणजे आळस नव्हे

दुपारी आडवा होणारा आळशी, आणि शेतात राबणाऱ्याला ऊन बाधत नाही, असं गावोगाव ऐकवलं जातं. दोन्ही चूक. सवयीनं अंग ऊन थोडं जास्त सोसतं, पण घामातून गेलेलं पाणी अन् मीठ सवयीनं भरून निघत नाही.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५च्या घरात जातो. तेव्हा वखरणी, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, धसकटं वेचणं सकाळी ५ ते १०, मग थेट ४ नंतर. बैलजोडी आपण दुपारी सोडतोच. माणसालाच सूट का नसावी?

झोप २० मिनिटं, फार तर ३०, तीही ३च्या आत. गजर लावाच. त्यापुढे गाढ झोप लागते, मधेच उठलं की डोकं जड होतं, आणि लोक म्हणतात, ‘पाहा, झोपून सुस्ती आली!’ निंबाची सावली बरी. टिनाखाली नको, पत्रा तापून भट्टी होते.

कामात दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. घाम फार गेला तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा.

दुपारच्या झोपेसारखंच, संध्याकाळी भजनात खंजिरी वाजवणंही रिकामटेकडेपणा नव्हे. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, ते शेकायचा वेळ धरून भजनाला पाऊण तास ठेवा. मात्र रात्रीच्या लाईनवर, म्हणजे रात्री येणाऱ्या विजेवर, पिकाला पाणी द्यायचं असेल त्या आठवड्यात भजन लवकर आटपा. रात्रीची बुडालेली झोप दुपारच्या डुलकीत पुरती निघत नाही.