शंटिंग इंजिन की रेलकार मूव्हर?

नागपूर परिसरात सायडिंग, म्हणजे आवारापर्यंत येणारा स्वतःचा रेल्वे रूळ, असलेल्या कारखान्याने वॅगन हलवायला यंत्र शोधायला घेतलं की दोन पर्याय समोर येतात. एक, कायम रुळावर राहणारं डिझेल शंटिंग इंजिन. दुसरा, रेलकार मूव्हर: रबरी टायरांवर रस्त्याने येणारा आणि लोखंडी चाकं खाली सोडून रुळावर चढणारा. दोन्हींची कोटेशनं अश्वशक्तीवर तोलली जातात आणि निवड तिथेच चुकते.

अश्वशक्तीवरून वेग कळतो. उभी वॅगन हलवायला ओढ लागते आणि ती चाकांवरचं वजन व रुळावरची पकड यांतून मिळते. कोरड्या रुळावर लोखंडी चाकाची पकड वजनाच्या साधारण पाव हिस्सा. रेल्वेचं डब्ल्यूडीएस-६ हे शंटिंग इंजिन १२६ टनांचं, म्हणजे ओढ तीसेक टन. मूव्हर त्यापेक्षा कितीतरी हलका. ही कसर काही मूव्हर रबरी टायरांच्या जास्त पकडीने भरून काढतात, तर काही कपलरखालून (वॅगन जोडणारा आकडा) वॅगन किंचित उचलून तिचं थोडं वजन स्वतःच्या चाकांवर घेतात.

आता आपला हिशोब करा. भरलेली बॉक्सएन (कोळशासारख्या मालाची उघडी) वॅगन सुमारे ८१ टन, दहा वॅगन ८१० टन. सपाट रुळावर हलवायला टनामागे ५ किलो ओढ धरली तर ४ टन लागतात. सायडिंगला ४०० ला १ चढ (४०० मीटरला १ मीटर) असेल तर टनामागे अडीच किलो, म्हणजे आणखी २ टन. वळण असेल तर त्याहून जास्त. सहा-सात टनांचं हे काम चांगला मूव्हर करतो. पण ५८ वॅगनची अख्खी भरलेली रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, त्याच चढावर ३५ टन मागते. तिथे १२६ टनांचं इंजिनही घसरेल. आणि हे सगळे आकडे कोरड्या रुळाचे. पावसाळ्यात कोळशाची भुकटी ओली होऊन रुळावर थर बसला की पकड खूप घटते. म्हणून विक्रेत्याकडून ओल्या रुळावरचा आकडा लेखी घ्या. ४५ अंशांच्या वरच्या उन्हात कूलिंग पुरेल का, तेही त्याच कागदावर हवं.

मूव्हरचा खरा फायदा एकेरी सायडिंगवर दिसतो. रेक मधे उभी असली की इंजिन एका टोकाला अडकतं. मूव्हर रुळावरून उतरून रस्त्याने दुसऱ्या टोकाला जातो. पाच-सहा वॅगन काढायच्या, वजनकाट्यावर न्यायच्या, परत लावायच्या, अशा कामाला मीही मूव्हरच निवडेन. कंटेनरच्या बीएलसी वॅगन मात्र पाचच्या संचात कायम जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे क्षमता पाचच्या पटीत मोजावी.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न थांबवण्याचा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. आठशे टन मूव्हरच्या स्वतःच्या ब्रेकवर सोडणं म्हणजे वॅगनच्या मधे उभ्या असलेल्या पॉइंट्समनचा (वॅगन जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कामगाराचा) जीव टांगणीला लावणं. वॅगनचे एअर ब्रेक जोडलेलेच हवेत. त्यासाठी सगळ्या वॅगनमधून जाणाऱ्या हवेच्या ब्रेक पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब लागतो. मूव्हरचा कॉम्प्रेसर दहा वॅगनचा पाइप किती वेळात भरतो, हे आपल्या सायडिंगवर, भरलेल्या वॅगन लावून, घड्याळ धरून पाहा. पाइप न जोडता 'थोडंसंच सरकवायचंय' म्हणणाऱ्या सुपरवायझरला तिथेच थांबवा.

वॅगन उलटी करून रिकामी करणाऱ्या टिपलरला साइड आर्म चार्जर, म्हणजे वॅगन ढकलणारा यांत्रिक हात, असेल तर वॅगन तोच सरकवतो. रेल्वेच्या इंजिन ऑन लोड योजनेत माल भरून-उतरवून होईपर्यंत रेल्वेचं इंजिन रेकबरोबरच थांबतं. अशा ठिकाणी दोन्हींपैकी काहीच विकत घेऊ नका.

मूव्हर घेतलाच तर त्याला चढा-उतरायला रुळाच्या माथ्याला समतल पक्की जागा बांधावी लागते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसता काँक्रीटचा थर टाकला तर तो उचलला जातो. माती खणून मुरूम भरा, पाण्याला वाट काढा आणि हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा.