त्रिकोणीकरणावरील स्प्लाइन

प्रतलावर विखुरलेल्या बिंदूंपाशी उंची, तापमान अशी मोजमापे हाताशी असताना त्या सर्वांतून नेमके जाणारे गुळगुळीत पृष्ठ उभारण्याची गणिती रीत. बिंदू जोडून क्षेत्राचे त्रिकोण पाडतात, प्रत्येक त्रिकोणावर एक बहुपदी घेतात आणि शेजारच्या बहुपदी सामाईक बाजूवर बेमालूम जुळवतात. स्प्लाइन म्हणजे मुळात जहाजांचे आराखडे आखताना वापरायची लवचीक पट्टी. गणितात हा शब्द आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये रुळवला.

प्रत्येक त्रिकोणावर सपाट तुकडा बसवणे सर्वांत सोपे, पण ते पुरत नाही. एका चौरसाच्या तीन कोपऱ्यांवर उंची ० आणि चौथ्यावर १ आहे असे धरू. उंच कोपऱ्यातून जाणारा कर्ण आखला तर मध्यबिंदूची उंची १/२ येते. दुसरा कर्ण आखला तर ०. मोजमापे तीच, पृष्ठे दोन, आणि दोन्हींत कर्णावर घडी. त्रिकोण कसे पाडावेत यासाठी बोरिस डेलोने यांचा १९३४ चा निकष वापरतात : कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू नसावा. त्यामुळे चिंचोळे त्रिकोण शक्यतो टळतात. (वरच्या चौरसाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असल्याने तिथे मात्र हा निकष निवाडा देत नाही.)

घडी घालवायची तर सांध्यावर दोन्ही बाजूंचा उतार सारखा हवा. बहुपदी बर्नस्टाइन–बेझिए रूपात, म्हणजे तिचे सहगुणक त्रिकोणावर ठरावीक जागी बसतील अशा रीतीने मांडली की ही अट डोळ्यांना दिसते. प्रत्येक सहगुणक हा त्रिकोणाच्या वर टांगलेला एक नियंत्रणबिंदू. सामाईक बाजूवरचे लगतचे दोन नियंत्रणबिंदू आणि त्यांच्या अलीकडचा-पलीकडचा एकेक, असे चार बिंदू एकाच प्रतलात आले पाहिजेत. बाजूभर सर्व चौकड्यांनी ही अट पाळली की घडी मोडते.

खरी अडचण शिरोबिंदूपाशी येते. तिथे अनेक त्रिकोण भेटतात, त्यामुळे एका बाजूची अट फिरून दुसरीवर आदळते. एका चलातील स्प्लाइनमध्ये गाठी (तुकडे जुळतात ते बिंदू) कुठेही असल्या तरी उरणारे स्वातंत्र्य नुसत्या मोजणीने कळते. इथे ते त्रिकोणांच्या आकारावरही ठरते. मॉर्गन–स्कॉट रचनेत मोठ्या त्रिकोणाच्या आत एक उलटा त्रिकोण असतो. तीवरच्या गुळगुळीत द्विघाती स्प्लाइनच्या अवकाशाची मिती, म्हणजे मोकळेपणाने निवडता येणाऱ्या संख्या, सर्वसाधारणपणे ६ असते, पण आकृती सममित असली की ७ होते. या विषयाचे सारे सौंदर्य आणि सारा त्रास या एका आकड्याच्या फरकात आहे. गिल्बर्ट स्ट्रँग यांनी १९७३ मध्ये सर्वसाधारण मांडणीसाठी मितीचे सूत्र सुचवले. लुई बिलेरा यांनी १९८८ मध्ये बैजिक संस्थितिविज्ञानाच्या साधनांनी ते सिद्ध केले. गुळगुळीत त्रिघाती स्प्लाइनची मिती कोणत्याही त्रिकोणीकरणावर किती, हा प्रश्न अजून खुला आहे.

व्यवहारात या गुंत्यातून दोन वाटा निघतात. पहिली, घात वाढवणे. आर्गिरिस यांच्या पाचव्या घाताच्या बहुपदीला २१ सहगुणक असतात. प्रत्येक शिरोबिंदूवर किंमत, दोन प्रथम अवकलज (उतार) व तीन द्वितीय अवकलज (उताराच्या बदलाचे दर), शिवाय तिन्ही बाजूंच्या मध्यावर लंब दिशेचा उतार दिला की ती पूर्ण ठरते. दुसरी, घात कमी ठेवून त्रिकोणच चिरणे. क्लफ आणि टोशर यांनी १९६५ मध्ये त्रिकोणाच्या आतला एक बिंदू, बहुधा मध्यगासंपात, तिन्ही शिरोबिंदूंना जोडून तीन त्रिघाती तुकडे घेतले. तुकड्यांचे मिळून नियंत्रणबिंदू १९. त्यांतले ७ गुळगुळीतपणाच्या अटींत बांधले जातात आणि १२ माहितीसाठी उरतात. पॉवेल आणि सॅबिन यांनी १९७७ मध्ये सहा तुकडे करून काम दुसऱ्या घातावर आणले. द्विघाती तुकड्यावरची समोच्चरेषा (समान उंचीची रेषा) शांकव, म्हणजे लंबवर्तुळ किंवा अन्वस्तासारखा वक्र असल्याने ती आखणे सोपे जाते.

मोजमापांत उंची मिळते, उतार सहसा मिळत नाही. तो शेजारच्या बिंदूंवरून अंदाजावा लागतो. पायथन या संगणकभाषेच्या सायपाय संग्रहातील क्लफ–टोशर साधन पृष्ठाची वक्रता जवळपास कमीत कमी राहील असे उतार निवडते. पृष्ठ दिलेल्या बिंदूंतून जाईल याची हमी रचना देते. दोन बिंदूंच्या मधे ते किती विश्वासार्ह असेल हे बरेचसे याच अंदाजावर ठरते.