केर काढणाऱ्या यंत्राला घर कसं कळू लागलं

मुंबईत रोबो व्हॅक्यूम घ्यायचं ठरलं की आधी चौकशी होते ती तो धूळ किती जोरात ओढतो याची. माझ्या मते आधी विचारायला हवं ते वेगळंच: आपण घरात नेमके कुठे आहोत, हे त्याला कळतं का?

2001 साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने ‘ट्रायलोबाइट’ हा रोबो व्हॅक्यूम विक्रीला आणला. तो वटवाघळासारखा अल्ट्रासाउंड लहरी सोडून अडथळे ओळखायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीचा ‘रूम्बा’ आला. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एमआयटीचे रॉडनी ब्रूक्स, वर्षानुवर्षं मांडत आले होते की यंत्राने आधी जगाचा नकाशा बांधायची गरज नाही. समोर येईल त्याला प्रतिसाद दिला तरी भागतं. रूम्बा तसाच चालायचा. गोल गोल फिरायचा, भिंतीच्या कडेने सरकायचा, धडकला की वळायचा. त्यामुळे तो सुमारे 200 डॉलरमध्ये देता आला. पण एखादा कोपरा पुन्हा पुन्हा झाडला जाई आणि दुसरा राहून जाई.

नकाशाचं गणित तेव्हाही होतं. नकाशा काढायला आपली जागा माहीत हवी आणि जागा कळायला नकाशा हवा, हा तिढा संशोधक 1980च्या दशकापासून सोडवत होते. त्या पद्धतीला ‘स्लॅम’ म्हणतात. अडलं होतं किमतीपाशी. लेझरने अंतर मोजणारी उपकरणं हजारो डॉलरची होती. 2010मध्ये नीॲटो या कंपनीने आपल्या रोबो व्हॅक्यूमवर स्वस्त फिरता लेझर बसवला आणि यंत्र सरळ पट्ट्यांत झाडू लागलं. मला खरा टप्पा हाच वाटतो. 2015च्या रूम्बा 980ने तेच काम कॅमेऱ्याने केलं. 2021च्या रूम्बा जे7ला तर जमिनीवरची वायरही ओळखता येऊ लागली.

आपल्या घरांत या प्रत्येक पद्धतीचा कस लागतो. पावसाळ्यात दुपारीही खोली काळवंडते, तेव्हा कॅमेरा अडखळतो, लेझर चालतो. लेझरला आरसा आणि काचेचं दार फसवतात, आणि त्याचा वरचा घुमट बुटक्या दिवाणाखाली जात नाही. काळ्या कडाप्प्यावर वेगळीच अडचण: पायरीवरून पडू नये म्हणून तळाशी इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते जमिनीवर किरण सोडतात आणि परत येतात का ते पाहतात. काळा दगड ते किरण शोषतो आणि यंत्राला पुढे खड्डा असल्यासारखं वाटतं. जुन्या चाळीत उंबरठाही आडवा येतो. बरीच यंत्रं दोन सेंटीमीटरच्या आसपासच चढू शकतात, म्हणून मागवण्याआधी उंबरठा पट्टीने मोजून घ्यावा.